‘मन बदललं’ असं तुम्ही म्हटलेलंच नाही

*ताई, आम्ही मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. पुढच्या महिन्यात सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्यांना हृदयाचा त्रास आहे आणि आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर त्या घरी एकट्याच असतील. म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या स्क्रीनचा चांगला फोन आधीच घेऊन ठेवला. इथल्या दुकानांपेक्षा बराच स्वस्त मिळत होता, म्हणून एका ऑनलाइन स्टोअरवरून ६४० डॉलरला मागवला. साइटचं नाव डॉट कॉम डॉट एयू, किमती ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, आणि ‘सर्व ऑस्ट्रेलियन नेटवर्कवर चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलं. पार्सल मात्र आलं हाँगकाँगहून. इथलं सिम घातलं आणि लगेच मोबाइल कंपनीचा मेसेज आला की या फोनवरून ट्रिपल झिरो (इथला आणीबाणीचा नंबर, ०००) लागू शकत नाही, त्यामुळे सेवा बंद करत आहोत.*

*दुकानदार म्हणतो, फोनमध्ये काही दोष नाही, तुम्ही खोका उघडलाय, ही ‘चेंज ऑफ माइंड’ची केस आहे. २५ टक्के कापणार आणि हाँगकाँगला पाठवायचा खर्च माझा. कुरिअरवाल्याने ७० डॉलर सांगितले. नाहीतर ४० डॉलर घ्या आणि फोन ठेवा, म्हणतो. फोन हातात पडून पाच आठवडे झाले. पैसे माझ्या व्हिसा डेबिट कार्डावरून गेलेत. हे म्हणतात, डोक्याला ताप नको, कुणाबरोबर तरी फोन नागपूरला पाठवू, पुतण्या वापरेल. मैत्रीण म्हणते, वायफायवर व्हॉट्सॲप चालतंय ना, मग सासूबाईंना तेवढं पुरे. फोन मीच निवडला होता, त्यामुळे फार अपराधी वाटतं. भांडत बसावं की सोडून द्यावं?*

*– एक वाचक, मेलबर्न*

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा एकच वाटलं, की आधी तुमचा तो अपराधीपणा दूर करावा. इथल्या डॉलरमध्ये किंमत, इथल्या वळणाचं नाव आणि ‘सर्व ऑस्ट्रेलियन नेटवर्कवर चालतो’ हे लेखी आश्वासन, एवढं बघून तुम्ही पैसे भरले. कुणीही भरले असते. आता तो माणूस तुमच्या तक्रारीला ‘मन बदललं’ असं नाव देतोय, त्यामागे हिशोब आहे. ऑस्ट्रेलियात नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत मागायचा हक्क ग्राहकाला नाही, तो दुकानाच्या मर्जीचा भाग. वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाची नसेल, तर मात्र हक्क कायद्याने मिळालेला आहे. म्हणजे तुमच्या तक्रारीचं नाव बदललं की त्याची जबाबदारी संपते. ते नाव तुम्ही एकदाही मान्य करू नका, नम्रपणे ‘ओके’ म्हणूनसुद्धा नाही. चॅटमधलं तुमचं ‘ओके’ उद्या तो बँकेला दाखवेल.

फोन बंद का पडला हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पत्रं त्याच्यावर उभी राहणार आहेत. इथे व्होडाफोनने २०२४च्या सुरुवातीलाच थ्रीजी गुंडाळलं आणि २८ ऑक्टोबर २०२४पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टसनेही ते बंद करायला घेतलं. तोवर कितीतरी फोन इंटरनेटसाठी फोरजी वापरत, पण कॉल आला की गुपचूप थ्रीजीवर उतरत. काही फोनांची गत आणखी विचित्र होती. साधे कॉल फोरजीवर व्यवस्थित लागायचे, पण आणीबाणीचा नंबर लावला की फोन थ्रीजीच शोधायचा. थ्रीजी गेल्यावर असा फोन रोजच्या वापरात ठणठणीत दिसणार आणि नेमक्या त्या एका कॉलला दगा देणार. फोरजीवरून बोलण्याची सोय, जिला आपण भारतात जिओमुळे व्होल्टी म्हणून ओळखतो, ती प्रत्येक फोनमध्ये प्रत्येक देशात आपोआप चालत नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या देशातल्या नेटवर्कसाठीची मांडणी असावी लागते. हाँगकाँग किंवा चीनच्या बाजारासाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये इथली मांडणी नसू शकते. ‘अनलॉक्ड’ लिहिलेलं असलं तरी त्याने एवढंच कळतं, की फोन कुठल्या एका कंपनीच्या सिमला बांधलेला नाही.

म्हणूनच ऑक्टोबर २०२४मध्ये इथल्या दूरसंचार नियामकाने नियम केला, की ज्या फोनवरून ट्रिपल झिरो लागू शकत नाही, त्याला कंपन्यांनी सेवाच द्यायची नाही. बाहेरून मागवलेले फोन यात मोठ्या संख्येने सापडले. पुढे ऑक्टोबर २०२५मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या मॉडेलांचाही असाच प्रश्न निघाला. स्वतःचं नेटवर्क नसताना आणीबाणीचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून जावा लागतो, आणि ते फोन व्होडाफोनच्या नेटवर्कवर तो कॉल लावू शकत नव्हते. तुम्हाला आलेला मेसेज त्रासदायक वाटला असेल, पण मला विचाराल तर त्याने तुमच्या घरावर उपकार केलेत. हीच गोष्ट सासूबाईंना कळ येत असताना कळली असती तर काय झालं असतं?

तेव्हा मैत्रिणीचा सल्ला बाजूला ठेवा. व्हॉट्सॲपवरून ट्रिपल झिरो लावता येत नाही. वायफायवर सगळं चालतंय म्हणून हा फोन त्यांच्या हातात देणं म्हणजे सोय आहे असा भास देणं, आणि हृदयाचा त्रास असलेल्या एकट्या माणसासाठी तो भास फार धोक्याचा. दुकानदाराने उद्या ४०च्या जागी दीडशे डॉलर देऊ केले तरी या मुद्द्यावर माझं मत बदलणार नाही. आणि ‘बघूया लागतो का’ म्हणून ट्रिपल झिरो लावून पाहू नका, ती लाइन कुणाच्या तरी खऱ्या संकटासाठी मोकळी राहू द्या.

आता कायद्याकडे येते. २०११पासून लागू असलेल्या ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार वस्तू ‘स्वीकारार्ह दर्जाची’ असली पाहिजे, म्हणजे तशा वस्तू ज्या कामांसाठी सर्वसाधारणपणे विकल्या जातात त्या सगळ्या कामांना ती योग्य हवी. वर्णनाशी जुळली पाहिजे हे वेगळं. फोनवरून इथे फोनच लागत नाही, यापेक्षा मोठा दोष कुठला शोधायचा? कायद्याच्या भाषेत हा ‘मेजर फेल्युअर’, आणि तो असला की बदली की पैसे परत, याची निवड ग्राहकाची. दुकानाने क्रेडिट नोट गळ्यात मारायची नाही, रीस्टॉकिंगच्या, म्हणजे माल पुन्हा विक्रीला ठेवण्याच्या, नावाखाली पैसे कापायचे नाहीत आणि खोका उघडला म्हणून हात वर करायचे नाहीत. सिम घालण्यासाठी खोका उघडावाच लागतो. तो न उघडता दोष कळायचा कसा?

तो म्हणेल, मी हाँगकाँगमध्ये बसलोय, तुमचा कायदा मला लागू नाही. या युक्तिवादाचं उत्तर न्यायालयाने आधीच दिलंय. व्हॉल्व्ह ही अमेरिकेतली व्हिडिओ गेम विकणारी कंपनी. तिचं इथे कार्यालय नव्हतं आणि करारात तिने वॉशिंग्टन राज्याचा कायदा लिहून ठेवला होता. तरीही फेडरल कोर्टाने २०१६मध्ये निकाल दिला, की इथल्या ग्राहकांना माल विकताय तर इथल्या ग्राहक हमी तुम्हाला पाळाव्याच लागतील. दंड झाला ३० लाख डॉलरचा. कंपनी वर अपिलात गेली आणि तिथेही हरली. दुकानाच्या नियमावलीत काहीही छापलेलं असो, या हमी करार करून काढून टाकता येत नाहीत.

एका ठिकाणी मात्र तुमची बाजू लंगडी पडू शकते, ते आधीच तपासा. त्या फोनच्या पानावर खाली कुठे बारीक अक्षरांत ‘इंटरनॅशनल व्हर्जन, आपल्या नेटवर्कशी सुसंगत आहे का ते आधी विचारा’ असं लिहिलं होतं का? असेल तर तो त्यावर बोट ठेवणार. तरी वर ‘सर्व ऑस्ट्रेलियन नेटवर्कवर चालतो’ असं ठळक लिहून खाली त्याच्या उलट लिहिणं हेही दिशाभूल करणारंच आहे, त्यामुळे घाबरू नका. पण त्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट आजच घ्या. पान बदललं असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर जुनी प्रत मिळते का ते बघा. ऑर्डरच्या ईमेलमध्येही पुष्कळदा मूळ वर्णन असतं.

इतका सगळा कायदा सांगितल्यावर आता जरा कटू बोलते, राग मानू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तुमचे ६४० डॉलर कायद्याच्या कपाटात नाहीत. एसीसीसी, म्हणजे देशपातळीवरचा ग्राहक आयोग, एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही. कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया हे आपल्या राज्याचं ग्राहक खातं सल्ला देईल, पण हाँगकाँगच्या दुकानावर त्यांचा जोर किती चालणार? व्हीकॅटमध्ये, म्हणजे राज्याच्या लवादात, दावा लावून तुम्ही जिंकलात, तरी तो आदेश परदेशातून वसूल करणं या रकमेसाठी परवडत नाही. एसीसीसीकडे तक्रार जरूर नोंदवा, कारण अशा नोंदी साठल्या की मोठी कारवाई होते. पण तुमचे पैसे परत येण्याची खरी वाट तुमच्या बँकेतून जाते, आणि तिला तारीख आहे.

तुम्ही व्हिसा डेबिट वापरलंत हे फार बरं झालं. बँक ट्रान्सफर किंवा पे-आयडीने पैसे पाठवले असते तर ही वाट बंद होती. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणासाठी चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत दुकानाकडून पैसे परत ओढून घेणं, मागता येतो, आणि त्याला साधारण १२० दिवस मिळतात. तुमचे पाच आठवडे गेले, म्हणजे वेळ आहे, पण काही बँका आपल्या ग्राहकांकडून तक्रार त्याहून लवकर मागतात. म्हणून या आठवड्यातच बँकेला फोन करून तुमच्या व्यवहाराची शेवटची तारीख विचारा आणि ती लेखी मागा. दुकानदार ‘वरिष्ठांशी बोलतो’, ‘गोदामाला विचारतो’, ‘सुट्टीनंतर कळवतो’ असं म्हणत दिवस ढकलणार. त्याच्या प्रत्येक गोड ईमेलने तुमची तारीख जवळ येत असते, एवढं ध्यानात ठेवा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पेपॅलने पैसे भरले असतील तर तिथे पैसे भरल्यापासून १८० दिवसांत तक्रार उघडता येते, पण उघडल्यावर २० दिवसांत ती ‘क्लेम’मध्ये, म्हणजे पेपॅलने निर्णय द्यावा या टप्प्यावर, न्यावी लागते, नाहीतर ती आपोआप बंद होते. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत नाही. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ असं दुकानदार म्हणाला तर अजिबात ऐकू नका.

बँक तुम्हाला दोन गोष्टी विचारेल. दुकानाशी मिटवायचा प्रयत्न केलात का, आणि वस्तू परत केलीत किंवा करायची तयारी दाखवलीत का. दुसरी फार महत्त्वाची, आणि लोक नेमके तिथेच हरतात. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणायचं आणि ती स्वतःजवळ ठेवायची, हे कार्डाच्या नियमात बसत नाही. म्हणून चॅटवरची वादावादी थांबवा आणि एक नेटकं ईमेल पाठवा. इंग्रजीत लिहा, छोटं लिहा, रागाचा एकही शब्द नको. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम आणि फोनचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) द्या. पानावर काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवा. मोबाइल कंपनीने ट्रिपल झिरो लागत नाही म्हणून सेवा बंद केली हे सांगून त्या मेसेजचा फोटो जोडा. मग लिहा की हा मन बदलल्याचा प्रकार नाही, ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यानुसार हा मोठा दोष आहे आणि मी पूर्ण रक्कम परत मागत आहे. फोन परत द्यायला मी तयार आहे, तुमच्या खर्चाने परतीचं लेबल पाठवा किंवा कुरिअर पाठवून न्या. सात दिवसांची मुदत द्या आणि त्यानंतर बँकेकडे जाणार हेही लिहा. त्या ‘मी तयार आहे’ या एका वाक्यावर तुमची केस उभी राहील.

मोबाइल कंपनीकडून नुसत्या मेसेजपेक्षा थोडं जास्त मिळवा. त्यांच्या सपोर्टवर चॅट करून, या आयएमईआयच्या फोनवरून आणीबाणीचा कॉल होत नाही म्हणून तो रोखला आहे, एवढं लिहून घ्या. तुमचं म्हणणं आणि तिसऱ्याचं म्हणणं यात बँकेला फरक दिसतो. स्टेटमेंटवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन फी लागलेली दिसली तर तेही जोडा. किंमत ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये दाखवली तरी व्यवहार बाहेरच्या देशात झाला, हे त्यातून दिसतं. ती फी परत मागायलाही विसरू नका.

पाठवायच्या खर्चाचं असं आहे. सहज पोस्टाने जाण्यासारखी वस्तू ग्राहकाने परत करावी असं इथला कायदा मानतो, आणि दोष खरा ठरला की पोस्टेजचा वाजवी खर्च दुकानाकडून वसूल करता येतो. परदेशी दुकानाकडून ते ७० डॉलर नंतर हाती येतील याची मला खात्री वाटत नाही, म्हणून आधी लेबल मागा. सात दिवसांत लेबल आलं नाही तर थेट बँकेकडे जा आणि त्यांना विचारा, फोन पाठवू की थांबू? बँक पाठवा म्हणाली, तर पाठवा.

पण पाठवताना हलगर्जीपणा नको, निम्मी भांडणं इथे बिघडतात. परतीचा पत्ता पूर्ण लिहून मागा आणि नीट वाचा. कितीतरी वेळा दुकान हाँगकाँगचं आणि परतीचा पत्ता शेनझेनचा, म्हणजे मुख्य चीनमधला निघतो. मग पार्सल तिथल्या कस्टममध्ये अडकतं आणि ‘आम्हाला मिळालंच नाही’ असं उत्तर येतं. माल जिथून आला तिथेच परत जाईल असा आग्रह धरा. काही दुकानदार सांगतात, कस्टमच्या कागदावर किंमत २० डॉलर लिहा, नाहीतर कर बसेल. हाँगकाँगमध्ये मोबाइलवर आयात करच नाही, तिथे कर लागतो तो दारू, तंबाखू, इंधन अशा मोजक्या वस्तूंवर. २० डॉलर लिहिलेत आणि पार्सल हरवलं तर भरपाई २० डॉलरचीच. खरी किंमत लिहा आणि पुढे ‘सदोष माल, विक्रेत्याला परत’ असा शेरा मारा.

लिथियम बॅटरी असल्यामुळे फोन विमानाने पाठवायचे नियम कडक आहेत. बॅटरी फोनच्या आत बसवलेली असेल आणि फोन बंद असेल तर ऑस्ट्रेलिया पोस्ट अटींवर घेतं, पण फुगलेली किंवा खराब बॅटरी विमानाने जाऊच शकत नाही. तुमच्या फोनचा दोष नेटवर्कचा आहे, बॅटरीचा नाही, हे काउंटरवर नीट सांगा. नुसतं ‘फॉल्टी फोन’ म्हटलंत की ते घाबरून नाकारतील. कुठल्याही पोस्टाने किंवा कुरिअरने नाकारलं तर तो नकार लेखी घ्या, तोही परत करण्याच्या प्रयत्नाचा पुरावाच आहे. ट्रॅकिंग आणि सहीसह डिलिव्हरी घ्यायचीच.

फोन बंद करण्याआधी त्यातून तुमचं गूगल अकाउंट काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. अकाउंट तसंच राहिलं तर रीसेटनंतर फोन तुमचा पासवर्ड मागतो आणि दुकानदाराला ‘लॉक केलेला फोन पाठवला’ म्हणायला आयतं कारण मिळतं. मग एक सलग व्हिडिओ काढा. फोनच्या स्क्रीनवरचा आयएमईआय, खोक्यावरचा आयएमईआय, काचेची आणि कडांची अवस्था, आत चार्जर ठेवला, खोका बंद केला, वर लेबल चिकटवलं. मध्ये कुठेही कॅमेरा थांबवू नका.

त्या ४० डॉलरबद्दल. हा आकडा वाढत जाईल. तुम्ही नाही म्हटलंत की ६० होतील, मग ८०. दुकानदाराला फोन परत नकोच असतो, कारण त्यालाही तो पुन्हा विकणं कटकटीचं असतं. तडजोड मान्य केलीत की विषय तिथेच मिटला असं तो बँकेला दाखवू शकतो. २५ टक्के कापून आणि ७० डॉलर घालून तुमच्या हाती ४१० उरतात, त्यामुळे शे-दीडशेची तडजोड कधीच पटवून घेऊ नका. पुढे जाऊन त्याने पूर्ण पैसे दिले आणि फोन तुम्हीच ठेवा म्हणाला, तर ते लेखी घ्या. तसं होतं कधी कधी.

आणि पुतण्याचा विषय. तुमचे मिस्टर चुकीचं बोलत नाहीत, डोक्याचा ताप खराच आहे, आणि तो फोन नागपुरात चालेलही. पण आत्ता तो हातचा घालवलात तर ‘परत करायला तयार आहे’ हे तुमचं वाक्य खोटं पडेल आणि चार्जबॅक तिथेच संपेल. त्यांना म्हणावं, निकाल लागेपर्यंत फोन कपाटात राहू दे. पैसे मिळाले आणि दुकानदाराने फोन नकोच असं लेखी दिलं, तर पुतण्याच्या नावाने खुशाल पाठवा. तसे पाठवताना नेणाऱ्या माणसाला मूळ पावतीची प्रत द्या, नागपूर-मुंबईच्या विमानतळावर विचारणा झाली तर त्याची पंचाईत नको.

बँकेने पहिल्याच फेरीत नाही म्हटलं तर खचू नका. काउंटरवरच्या माणसाला चार्जबॅकचे बारकावे ठाऊक असतातच असं नाही, ‘तुम्हीच खरेदी केलीत ना, मग आम्ही काही करू शकत नाही’ असं उत्तर मिळतं. तुम्ही फसवणूक म्हणून तक्रार करत नसून, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून डिस्प्यूट करत आहात, हे पुन्हा सांगा आणि लेखी तक्रार नोंदवा. बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. त्यात समाधान झालं नाही तर आफ्का, म्हणजे ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कम्प्लेंट्स ऑथॉरिटी, इथे जा. ग्राहकाला फी नाही, नंबर १८०० ९३१ ६७८. बँकेने चार्जबॅकची मुदत हातची घालवली असेल तर आफ्का त्यावरही बघते, म्हणून बँकेशी झालेल्या प्रत्येक बोलण्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक टिपून ठेवा.

सासूबाईंसाठी आता दुसरा फोन लागेल, आणि तो इथल्याच दुकानातून, इथल्या बाजारासाठीच बनवलेला घ्या. फार महाग नको, पण नेटवर्क कंपनी ज्याची हमी देते असा. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर नावात डॉट कॉम डॉट एयू आहे एवढ्यावर जाऊ नका, माल कुठे ठेवलेला आहे ते त्यातून कळत नाही. साइटच्या तळाशी किंवा पावतीवर ११ आकडी एबीएन, म्हणजे इथल्या व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, आहे का बघा आणि सरकारच्या एबीएन लुकअपवर ते नाव शोधा. त्याऐवजी १२ आकडी एआरएन दिसला तर समजा, की दुकान परदेशात आहे आणि फक्त जीएसटी भरण्यापुरतं इथे नोंदलेलं आहे. हजार डॉलरपर्यंतच्या मालावर परदेशी दुकानांनाही २०१८पासून जीएसटी घ्यावा लागतो, त्यामुळे पावतीवर जीएसटी दिसला म्हणजे दुकान इथलं, हाही अंदाज चुकतो. आणि ‘डिस्पॅच’ कुठून होणार हे मागवण्याआधी विचारून लेखी घ्या.

सासूबाई त्यांचा नागपूरचा फोनही आणतीलच आणि इथलं सिम त्यातही घालावंसं वाटेल. भारतात जिओवर उत्तम चालणारा फोन इथे याच कारणाने अडू शकतो. त्या निघण्याआधी त्यांना फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायला सांगा, येणारा १५ आकडी आयएमईआय व्हॉट्सॲपवर मागवा आणि इथल्या कंपनीच्या साइटवर तपासून ठेवा.

त्या आल्या की पहिल्या दिवशीच आणखी एक गोष्ट शिकवा. ट्रिपल झिरो लागल्यावर पोलीस, आग की ॲम्ब्युलन्स असं विचारतात. ‘ॲम्ब्युलन्स’ म्हणायचं, मग ‘मराठी’ म्हणायचं, आणि फोन न ठेवता थांबायचं. दुभाषा जोडून देतात. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या कव्हरमागे चिकटवून ठेवा.